भिंतीवरच्या सात रेघा

श्री. यशवंतराव निसळ, म्हणजे आम्हा सगळ्यांचे नाना, यांची आणि माझी ओळख एका फुटक्या कूलरमुळे झाली. तेव्हा मी भिंगारच्या बाजारात पंखे-कूलर दुरुस्त करणाऱ्या दुकानात कामाला होतो. एका गिऱ्हाइकाच्या कूलरचं फायबरचं झाकण तडकलं होतं. मालक म्हणाले, "निसळांकडे घेऊन जा. पण मागच्या दारानं जा बाबा, पुढच्या दारी निसळकाकू उभं करणार नाहीत." मी झाकण डोक्यावर घेऊन गल्लीतून मागच्या अंगणात गेलो. तिथं पत्र्याची शेड होती आणि आत साठीचे एक गृहस्थ तोंडाला ओला पंचा बांधून ब्रश मारत उभे होते. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "वजन करता येतं का?" मी म्हणालो, "किलोचं येतं." ते म्हणाले, "ग्रॅमचं शिकशील?" नोकरीसाठी मला विचारले गेलेले तेवढेच दोन प्रश्न. पुढच्या सोमवारपासून मी नानांकडे होतो.

नानांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी समितीनं मला लिहायला सांगितलं, आणि संपादकांनी वर बजावलं की लेख जरा प्रसन्न असू द्या. मी प्रयत्न करतो. जमेल असं वाटत नाही.

नाना लष्कराच्या एका कारखान्यात सिव्हिलियन पॅटर्नमेकर होते. धातूचं ओतकाम करण्याआधी लाकडाचा हुबेहूब नमुना करावा लागतो, तो करणारा कारागीर. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, नातवंडं सांभाळतात. नानांनी मागच्या अंगणातली काकूंची तुळस चार फूट सरकवली आणि फायबरच्या कामाची शेड उभी केली. हे काम सांगायला सोपं आहे. साच्यात काचेच्या तंतूंची मॅट अंथरायची, ती रेझिननं भिजवायची, हार्डनरनं ते घट्ट झालं की साच्यातून कडक, हलका पीस सुटून येतो. करायला बसलं की कळतं, यात किती ठिकाणी माती खाता येते.

नानांनी मात्र ती शेड अशी लावली होती की चूक करायला जागाच राहू नये. भिंतीतला पंखा त्यांनी नडगीच्या उंचीवर बसवला. शेजारचे हसायचे, पंखा कुणी पायापाशी लावतं का. नाना म्हणायचे, "रेझिनचा वास जड असतो, तो खाली बसतो. तुमचा पंखा वर फिरणार आणि वास खाली, मग तो पंखा काय शोभेला?" हार्डनर पूर्वेच्या भिंतीला आणि रेझिन लवकर आवळावं म्हणून घालतात तो जांभळा कोबाल्ट पश्चिमेच्या भिंतीला. या दोघांची थेट गाठ पडली तर भडका उडतो. नानांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं होतं, "या दोन जावा आहेत. यांच्या मध्ये सासू पाहिजेच." सासू म्हणजे रेझिन. काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं होतं, "आणि सासरे कुठायत मग?" नाना म्हणाले, "सासरे वजन करताहेत."

ते खरंच होतं. नाना प्रत्येक गोष्टीचं वजन करत. रेझिनचा डबा, मॅटचा तुकडा, मेणाचा डबा, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, आणि आकडे पेन्सिलीनं वहीत. एकदा काकूंचा चहाचा डबाही त्यांनी तोलला होता आणि पाहुण्यांदेखत सांगितलं होतं की आज चहा पातळ झाला आहे. काकूंनी त्यानंतर आठवडाभर त्यांच्याशी बोलायचं बंद केलं होतं. अंगाला काचेची खाज सुटायची तिचाही नियम होता. घरी गेल्यावर आधी गार पाण्यानं अंघोळ, गरम पाण्यानं कातडीची भोकं उघडतात आणि काच आत जाते. शेडचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायचे. हा नियम स्वतः नानांनीच एकदा मोडला, तेव्हा काकू हळदीकुंकवाला गेल्या आणि सगळा वेळ पाठ खाजवत बसल्या.

चांगला मास्क शेडमध्ये एकच होता. घासकाम करणाऱ्याच्या तोंडावर तो असायचा, आणि घासकाम मी करायचो. नानांच्या तोंडावर ओला पंचा. मी एकदा म्हणालो, "नाना, दुसरा आणू या की." ते म्हणाले, "आणू." पुढं तीन वर्षं आम्ही बरोबर काम केलं आणि दुसरा मास्क काही आला नाही. मीही पुन्हा आठवण केली नाही. माझी मुलगी झाली तेव्हा त्यांनी तिच्यासाठी फायबरचा अंघोळीचा टब करून दिला. कडा इतक्या गुळगुळीत घासल्या होत्या की माझ्या बायकोनं गालाला लावून पाहिलं. ती कड त्यांनी स्वतः घासली होती, पंचा बांधून.

आता कोपीचं लिहितो.

माझं गाव पाथर्डीच्या पलीकडं आहे. आमच्याकडं दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला निघतं. माझं बालपण कोल्हारच्या आसपास प्रवरेकाठी उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, गेलं. कोपीत वाकून शिरायचं, आत वाकूनच स्वयंपाक करायचा, वाकूनच बाहेर यायचं. हे मी एकदा जेवताना नुसतं बोलून गेलो. नानांनी विचारलं, "उंची किती असते?" मला सांगता येईना. मी इतकी वर्षं त्या कोपीत राहिलो आणि तिची उंची मला माहीत नव्हती.

पुढच्या रविवारी नाना मला घेऊन एसटीनं कोल्हारला गेले. आईची ऊसतोडीची टोळी तिथं उतरली होती. नाना मोजपट्टी घेऊन कोपीत शिरले आणि आत बसून राहिले. आई बाहेरून म्हणाली, "नाना, तुमी कशाला आत वाकून बसता? भायेर बसा की. आमाला सवय हाय." नानांनी आत बसूनच तिला विचारलं, "वहिनी, ताठ उभं राहून दोन्ही हात वर केले तर तुमची उंची किती होते?" आई लाजली. तिनं हात वर केले आणि मी पट्टी धरली. तो आकडा नानांनी वहीत लिहिला. साचा करायला घेतला तो त्या आकड्यावरून.

नानांना कोपीचं कवच करायचं होतं. फायबरच्या तीन कमानी, एकात एक बसणाऱ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावतील आणि दोन बाया उचलून नेतील एवढ्या हलक्या. पाऊस आला तर गळणार नाहीत, आणि मधोमध बाईला ताठ उभं राहता येईल. आम्ही दीड वर्ष त्यावर घालवलं. आधी प्लायवूड आणि प्लास्टरचा नमुना. तो अख्खी शेड अडवून बसला होता. नाना दिवसभर त्यावर हात फिरवत राहायचे, उंचवटा लागला की घासायचे. मग त्या नमुन्यावरून साचा काढला. साचा निघाल्यावर शेडमध्ये दोन्ही ठेवायला जागा नव्हती, म्हणून नमुना आम्ही करवतीनं कापून काढला. नाना म्हणाले, "नमुन्याचं काम संपलं. आता साच्यातून कितीही काढू."

नव्या साच्याची एक गोष्ट वाचकांना सांगायला हवी. त्याला मेणाचे सात हात द्यावे लागतात. एक हात लावायचा, तासभर थांबायचं, फडक्यानं चकाकी येईपर्यंत घासायचं, मग दुसरा. जुन्या, मुरलेल्या साच्याला एखादा हात पुरतो. नव्याला पुरत नाही. मेण कमी पडलं तर रेझिन साच्यालाच धरतं आणि पीस सुटत नाही. शेडमध्ये पद्धत होती की प्रत्येक हात झाला की ज्यानं दिला त्यानं साच्याशेजारच्या भिंतीवर खडूनं एक रेघ ओढायची. सात झाल्या की आडवी काट मारायची.

त्या दिवशी काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. नाना त्यांना घेऊन नगरला गेले होते. शेड पहिल्यांदा एकट्या माझ्या हातात होती. जाताना त्यांनी काही सूचना दिल्या नाहीत. त्यांनी सूचना दिल्या नाहीत याचा मला केवढा अभिमान वाटला होता.

चार हात झाले तेव्हा दुपार झाली होती. त्या दुपारी एमआयडीसीतल्या एका कंपनीत माझा इंटरव्ह्यू होता. नानांना मी सांगितलं नव्हतं. कंपनीची बस होती, कॅन्टीन होतं, गळ्यात घालायचं ओळखपत्र होतं. मुलगी आता दीड वर्षाची होती. ही सगळी कारणं खरी आहेत, पण मी ती मनातल्या मनात इतक्यांदा उगाळली आहेत की आता माझाच त्यांच्यावर विश्वास बसत नाही. खरं कारण हे की कूलरच्या झाकणांना मेणाच्या एका हातात पीस सुटताना मी बघितले होते आणि मला वाटलं, चारमध्ये काय बिघडतंय. मी इंटरव्ह्यू देऊन आलो. मग खडू घेतला, उरलेल्या तीन रेघा ओढल्या आणि आडवी काट मारली. संध्याकाळी नाना आले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि रोजच्यासारखी डब्यांची वजनं करून वहीत लिहिली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही काम धरलं. जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, दिला, मॅट अंथरली, थर भिजवले. तिसऱ्या दिवशी पीस काढायला घेतला. तो हलला नाही. लाकडी पाचरा मारल्या, कडेनं पाणी सोडलं, पंपानं हवा भरली. शेजारचे दोघं मदतीला आले. दोन दिवस आम्ही ते ओढत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर एक आवाज आला आणि साचा मधोमध चिरला. पीसचा पापुद्रा साच्याला आणि साच्याचा पापुद्रा पीसला. दोन्ही वाया. नमुना आम्ही आधीच कापला होता.

नाना उपड्या बादलीवर बसले. मग शेजाऱ्यांना म्हणाले, "मेण खराब निघालं. जुनं असावं." एवढं बोलून त्यांनी मेणाचा डबा उचलला आणि अंगणाबाहेर ठेवला. मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, हे आठवतं. पण शेजारी उभे होते, काकू डोळ्याला हिरवी पट्टी लावून दारात आल्या होत्या, आणि नाना स्वतःच मेणाला दोष देत होते. मला वाटलं, सुटलो.

त्या आठवड्यात नाना मला म्हणाले, "दोघं असलो तर दीड वर्षात पुन्हा होईल. आकडा आहे वहीत." मी होकारासारखी मान हलवली. दीड महिन्यानं कंपनीचं पत्र आलं. मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "इंटरव्ह्यू कधी होता?" मी खोटी तारीख सांगितली. त्यांनी मला पेढा दिला. निघताना मास्कही देऊ लागले, "तिथं लागेल." कंपनीत मास्क मिळतात, असं सांगून मी तो घेतला नाही. निदान तेवढं तरी मी केलं.

याला आता अकरा वर्षं झाली. नानांनी एकट्यानं नवा नमुना करायला घेतला होता. प्लायवूडच्या चार बरगड्या उभ्या केल्या आणि खोकला लागला. डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो काढला आणि शेडमध्ये पाऊल टाकायची बंदी केली. काचेची धूळ, रेझिनची वाफ, वीसेक वर्षं लाकडाचा भुसा, डॉक्टरांनी सगळी नावं घेतली. एका मास्कचं नाव त्यांना माहीत नव्हतं. त्या बरगड्या अजून शेडमध्ये उभ्या आहेत. शिकायला कुणी टिकलं नाही. दोघं-तिघं येऊन बघून गेले, अंगाला खाज सुटली आणि पुन्हा फिरकले नाहीत.

आज नानांना ऑक्सिजनचं यंत्र लावलेलं असतं. यंत्र बैठकीत आहे आणि नळी स्वयंपाकघराच्या मागच्या उंबऱ्यापर्यंत पुरते. शेड त्या उंबऱ्यापासून दहा-बारा पावलांवर आहे. नाना खुर्ची टाकून तिथं बसतात आणि शेडच्या बंद दाराकडे बघतात. काकू म्हणतात, नळी लांब आणून देते. नाना नको म्हणतात.

हा लेख त्यांना वाचून दाखवल्याशिवाय छापायचा नाही, असं मी ठरवलं होतं. गेल्या रविवारी गेलो. उंबऱ्यापाशी त्यांच्या पायाजवळ बसलो आणि वाचू लागलो. कूलरच्या झाकणाला हसले. चहाच्या डब्याला काकू आतून म्हणाल्या, "ते काढून टाक." मग मी त्या दुपारपाशी आलो. मेणाचे किती हात दिले ते वाचायच्या आधीच नानांनी हात वर केला.

"चार," ते म्हणाले.

मी कागद खाली ठेवला. "तुम्हाला माहीत होतं?"

त्यांना सलग बोलता येत नाही. दोन-तीन शब्द, मग थांबायचं. मी तुकडे जोडून लिहितो. "मेणाचा डबा. सकाळचं वजन, संध्याकाळचं वजन. दोन्ही लिहिली होती. वजाबाकी केली नाही त्या दिवशी. रेघा तू ओढल्या होत्यास ना, मग कशाला करायची? पीस अडकला, तेव्हा केली."

म्हणजे बादलीवर बसले तेव्हा त्यांना ठाऊक होतं. मेण खराब निघालं म्हणाले तेव्हा ठाऊक होतं. मी विचारलं, "मग बोलला का नाहीत, नाना? चार लोकांत नाही तर नंतर तरी. दोन थोबाडीत द्यायच्या होत्या."

यंत्राचा आवाज चालू होता. आत काकूंनी नळ बंद केला.

"बोललो असतो तर तू गेला असतास," ते म्हणाले. "आणि मला एकट्याला ते होणार नव्हतं."

मग आणखी एक श्वास घेऊन म्हणाले, "नाही बोललो. तरी गेलास."

रागानं नाही म्हणाले. ज्या आवाजात ते मला डब्याचं वजन सांगत, त्याच आवाजात म्हणाले. मी नोकरी घेतली ती अर्धी पगारासाठी आणि अर्धी त्यांच्यासमोर उभं राहवेना म्हणून. ते गप्प राहिले ते मी राहावं म्हणून. दोघंही गप्प बसलो आणि दोघांमधली कोपी गेली. मी हे त्यांना सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "छाप. बरोबर आहे." मग त्यांना खोकला आला आणि काकूंनी मला खुणेनं जायला सांगितलं.

माझी आई आता तोडीला जात नाही. तिची कंबर वाकली ती वाकलीच. साचा आज जरी परत उभा राहिला तरी त्या आकड्याएवढी तिची उंची आता भरणार नाही. यंदा भाऊ आणि भावजय गेलेत. कोल्हारच्या पुढं उतरलेत, पाचटाचीच कोपी टाकली आहे. आईनं फोनवर विचारलं, "नाना बरे हायेत का रं?" मी बरे आहेत म्हणालो.

सोहळ्याला आपण नानांना शाल देणार, श्रीफळ देणार, मानपत्र वाचणार. ते खुर्चीत बसून सगळं स्वीकारतील, त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. अशा लेखाच्या शेवटी, आमचंही आयुष्य आपल्याला लाभो, असं लिहितात. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते ठाऊक असूनही मी ते लिहितो. नानांना आयुष्य लाभो, प्रत्येक श्वास मोकळा असलेलं आयुष्य. माझ्या वाट्यातलं काढून देता येत असेल तर द्यावं. सुरुवात त्या दुपारी मी वाचवलेल्या तीन तासांपासून करावी.